रिकॉम्बिनंट ह्यूमन डीडीटी (ई. कोलाय, एन-टोकाला हिस-टॅग): वायल कशासाठी घ्यावी आणि कशासाठी नाही

डीडीटी म्हणजे इथे डी-डोपाक्रोम टॉटोमरेज हे मानवी एन्झाइम. आधी निकाल सांगतो. वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायच्या चाचणीला) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून किंवा अँटिबॉडी तयार करायला ही वायल चांगली आहे. एन्झाइमची क्रिया मोजायची असेल तर घेऊ नका. पेशींवर टाकायची असेल तर लॉटचा एन्डोटॉक्सिनचा (बॅक्टेरियाच्या आवरणातल्या विषाचा) आकडा हातात आल्याशिवाय घेऊ नका. आणि गोरेपणाच्या क्रीमसाठी इनहिबिटर शोधत असाल, तर तुम्ही मुळात चुकीच्या एन्झाइमच्या पानावर आला आहात.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. डी-डोपाक्रोम टॉटोमरेज, म्हणजेच डीडीटी किंवा एमआयएफ-२, हे मानवी प्रोटीन ज्या रूपात सर्रास विकलं जातं, त्या रूपाचं आहे. ई. कोलायमध्ये तयार केलेलं, एन-टोकाला (साखळीच्या सुरुवातीला) सहा हिस्टिडीनचा टॅग आणि तो थ्रॉम्बिन या एन्झाइमने कापायची जागा मिळून २० अमिनो आम्लांचं शेपूट, त्यापुढे पूर्ण ११८ अमिनो आम्लांचं डीडीटी. एकूण १३८, वस्तुमान सुमारे १४.८ किलोडाल्टन. बफर बहुधा २० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, थोडं मीठ, १० ते २० टक्के ग्लिसरॉल आणि १ किंवा २ मिलिमोलर डीटीटी, म्हणजे प्रोटीन ऑक्सिडाइज होऊ न देणारा क्षपणक (रिड्यूसिंग एजंट). (डीडीटी डीटीटीत बुडवून येतं. वहीत नोंद करताना ही दोन नावं नीट सुटी लिहा, आणि नेटवर शोधताना 'एमआयएफ-२' टाका, नाहीतर अर्धी पानं कीटकनाशकाची उघडतात.) शुद्धता ९० ते ९५ टक्क्यांच्या वर, जेलवरून ठरवलेली. इथवर तक्रारीला जागा नाही. १५ टक्के जेलवर एक स्वच्छ पट्टा दिसतो. १० टक्क्यांचं जेल लावलंत तर प्रोटीन डायच्या पुढच्या रेषेबरोबर पळतं आणि काहीच कळत नाही.

गोची टॅगच्या जागेत आहे. ती कळायला या एन्झाइमचं काम कसं चालतं ते पाहावं लागतं. डीडीटीचा क्रम मेथिओनिन-प्रोलीन-फेनिलॲलनीन-ल्युसीन असा सुरू होतो. पेशीत पहिलं मेथिओनिन कापलं जातं आणि प्रोलीन पहिल्या क्रमांकावर येतं. त्या प्रोलीनचा मोकळा नायट्रोजन हाच इथला उत्प्रेरक बेस. प्रोटॉन उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा, एवढंच टॉटोमरेजचं काम, आणि ते काम हा नायट्रोजन करतो. त्याच्या अलीकडे एक जरी अमिनो आम्ल जोडलं, की त्या नायट्रोजनचा अमाइड बंध होतो आणि त्याला प्रोटॉन उचलता येत नाही. इथे तर तब्बल वीस जोडलेली आहेत. प्रोटीन नीट घडी घालतं, तिघांचा ट्रायमर होतो, अँटिबॉडी ओळखते, पण एन्झाइम म्हणून ते मेलेलं असतं. डेटाशीटवर क्रियेचा आकडा नसतो त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

"टॅग कापून टाकू" हा पुढचा विचार सगळ्यांच्याच मनात येतो, म्हणून तो इथेच निकालात काढू. थ्रॉम्बिन आर्जिनीननंतर कापतो. मागे ग्लायसीन-सेरीन-हिस्टिडीन उरतं, त्यापुढे मूळ मेथिओनिन, आणि मग प्रोलीन. म्हणजे प्रोलीन अजूनही चार अमिनो आम्लांच्या मागेच. स्वतः क्लोन करताना टेव्ह या दुसऱ्या प्रोटिएजची (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमची) जागा थेट प्रोलीनला चिकटवली तर टेव्ह कापत नाही. फॅक्टर दहा-ए, एन्टरोकायनेज यांचंही प्रोलीनपुढे तेच रडगाणं. सुमो टॅगचा प्रोटिएज एरवी काय वाटेल त्यापुढे कापतो, तोही नेमका प्रोलीनवर अडतो. त्यामुळे खरा उपाय एकच उरतो: जीन मेथिओनिन-प्रोलीनपासूनच सुरू करायचं आणि मेथिओनिन काढायचं काम ई. कोलायच्या मेथिओनिन अमिनोपेप्टिडेजवर सोपवायचं. पुढचं अमिनो आम्ल प्रोलीनसारखं लहान असलं की तो हे काम आनंदाने करतो. टॅग हवाच असेल तर सी-टोकाला, म्हणजे साखळीच्या शेवटी. विकत घेतानाही हाच निकष लावा: टॅगविरहित किंवा सी-टोकाचा हिस-टॅग.

आता ही वायल ज्या सापळ्यात लोकांना अडकवते तो सापळा. मेलेलं एन्झाइम प्रयोगात जिवंत दिसतं.

नेहमीची चाचणी अशी. डी-डोपाचं ४ मिलिमोलर द्रावण आणि सोडियम परआयोडेटचं ८ मिलिमोलर द्रावण समप्रमाणात मिसळायचं. प्रमाण एकास दोन, कारण डोपापासून डोपाक्रोम (हे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रंगीत पदार्थ, म्हणजे सबस्ट्रेट) होताना चार इलेक्ट्रॉन जातात आणि परआयोडेटचा एक रेणू दोनच घेतो. खोलीच्या तापमानाला पाच मिनिटांत नारिंगी-लाल रंग येतो. नळी लगेच बर्फात ठेवायची आणि अर्ध्या तासात संपवायची. क्युव्हेटमध्ये २५ मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६, त्यात ०.५ मिलिमोलर ईडीटीए. एक मिलिलिटर एकूण आकारमानात १०० मायक्रोलिटर डोपाक्रोम घातलं की ते सुमारे २०० मायक्रोमोलर होतं; ४७५ नॅनोमीटरला शोषण ०.७४ च्या आसपास यायला हवं (मोलर गुणांक ३७००). त्याहून बरंच कमी आलं तर परआयोडेट जुनं आहे किंवा डोपाची पूड हवेत काळवंडलेली आहे. मग एन्झाइम घालायचं आणि नारिंगी रंग उतरताना पाहायचा.

रंग उतरवायला एन्झाइमच लागतं असं मात्र नाही. डीटीटी डोपाक्रोमला थेट क्षपित करून रंगहीन करतं, एका रेणूला एक. वायलमध्ये २ मिलिमोलर डीटीटी आहे आणि प्रोटीन पातळ आहे म्हणून तुम्ही ५० मायक्रोलिटर घातलं, तर क्युव्हेटमध्ये १०० मायक्रोमोलर डीटीटी गेलं. शोषण ०.३७ ने, म्हणजे निम्म्याने, खाली येऊ शकतं. वहीत "क्रिया उत्तम" अशी नोंद होते. वायल दुप्पट घातली तर घटही दुप्पट, त्यामुळे मात्रेचा आलेखही देखणा येतो!

फरक ओळखायची खूण आलेखाच्या आकारात आहे. डीटीटीची घट सुरुवातीलाच होते आणि डीटीटी संपलं की रेघ पुन्हा ब्लँकच्या (एन्झाइम न घातलेल्या क्युव्हेटच्या) उताराला लागते. खऱ्या एन्झाइमची घट सबस्ट्रेट संपेपर्यंत चालू राहते. म्हणून शेवटचा आकडा लिहून थांबू नका. तीन-चार मिनिटांची पूर्ण रेघ साठवा. सोबत दोन कंट्रोल अनिवार्य: तेवढ्याच आकारमानाचा नुसता बफर (डीटीटीसकट), आणि ९५ अंशांना १० मिनिटं उकळून थंड केलेली तीच वायल. उकळलेल्या वायलचा रंगही तितकाच उतरला, तर क्रिया एन्झाइमची नव्हे. टीसीईपी वापरून पळवाट काढू नका, तेही क्षपणकच आहे. चाचणीच्या आधी छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून फॉस्फेट बफरमध्ये आणणं हाच मार्ग. कॉलमची मर्यादा ७ किलोडाल्टन असेल तर प्रोटीन निसटत नाही. डीटीटी काढल्यावर मात्र वेळ दवडू नका. या प्रोटीनच्या प्रत्येक साखळीत २३ आणि ५६ या स्थानांवर मिळून दोन सिस्टीन आहेत, आणि क्षपणक नसताना ती हळूहळू ऑक्सिडाइज होतात.

ईडीटीए कशाला, असं वाटत असेल तर: ते धातूंचे आयन बांधून ठेवतं, आणि तांबं, निकेल, कोबाल्ट यांचे आयन डोपाक्रोमचं रूपांतर स्वतःहूनच वेगाने घडवतात. हिस-टॅग निकेलला चिकटतो, म्हणून हे प्रोटीन निकेल कॉलमवरूनच येतं. कॉलममधून झिरपलेलं निकेल हा रंग उतरवणारा तिसरा गडी. शिवाय डोपाक्रोम आपलं आपणही कार्बन डायऑक्साइड सोडून बदलत असतं, पीएच ७ च्या पुढे जास्तच भरभर. म्हणून पीएच ६, म्हणून बर्फ, आणि म्हणून दर वेळी ताजा ब्लँक.

डोपा 'डी'च हवा. प्रयोगशाळेच्या कपाटात असतो तो एल-डोपा, स्वस्तही तोच. पण हे एन्झाइम डी-डोपाक्रोमवर चालतं, एल-डोपाक्रोमवर नाही. एल वापरून "एन्झाइम खराब निघालं" असा ईमेल कंपनीला करण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचा. डोपाचा मिथाइल एस्टर वापरणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या की त्यात मोकळा कार्बोक्झिल गट नसतो, त्यामुळे डीडीटीचं खास काम, म्हणजे टॉटोमरायझेशनबरोबर कार्बोक्झिल काढून ५,६-डायहायड्रॉक्सीइंडोल बनवणं, त्यात दिसूच शकत नाही. भावंड प्रोटीन एमआयएफ त्याच डी-डोपाक्रोमपासून कार्बोक्झिल शाबूत ठेवून डीएचआयसीए बनवतं. दोघांतला हा फरक दाखवायचा तर एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी पद्धत) लागते. ४७५ नॅनोमीटरची रेघ दोघांची सारखीच उतरते.

कॅटलॉगवर या प्रोटीनपुढे 'रंगद्रव्य निर्मिती' आणि 'प्रतिकारशक्ती' असे शब्द असतात; यातूनच त्यातल्या पहिल्याकडे वळावं लागतं. हे प्रोटीन १९९३ च्या सुमारास स्वीडनमधल्या मेलॅनिन अभ्यासकांनी उंदराच्या यकृतातून वेगळं केलं, ते डी-डोपाक्रोम बदलण्याच्या क्रियेवरून. नाव तेव्हापासून चिकटलं. पण माणसाच्या मेलॅनोसाइटमध्ये तयार होतं ते एल-डोपाक्रोम, आणि ते हाताळणारं एन्झाइम वेगळं: डीसीटी, ज्याला टीवायआरपी-२ही म्हणतात. त्यात जस्त असतं, ते मेलॅनोसोमच्या पडद्यात बसलेलं असतं आणि रचनेने डीडीटीचं कोणीही लागत नाही. दोघांच्याही नावात 'डोपाक्रोम टॉटोमरेज' असल्यामुळे ऑर्डरमध्ये अदलाबदल होते. त्वचेच्या रंगावर परिणाम करणारा पदार्थ शोधायचा असेल तर रोख मुख्यतः टायरोसिनेजवर असायला हवा, आणि तोही मानवी. अळिंबीच्या टायरोसिनेजवर चाळणी लावली की दिशाभूल ठरलेली: थायामिडॉल हा रेझॉर्सिनॉल गटातला पदार्थ मानवी टायरोसिनेजला १.१ मायक्रोमोलरला निम्म्यावर आणतो, अळिंबीच्या एन्झाइमसाठी १०८ लागतात. कोजिक आम्लाचं बरोबर उलट. अळिंबीवर जोरदार, मानवी एन्झाइमवर मवाळ. डीडीटीच्या वायलवर चाळणी लावून मिळालेला 'स्किन ब्राइटनिंग' पदार्थ मलमाच्या ट्यूबपर्यंत जायच्या लायकीचा नाही.

'प्रतिकारशक्ती' हा शब्द मात्र खरा आहे. डीडीटी आणि एमआयएफ यांची जीन्स २२ व्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. प्रोटीनचा क्रम साधारण एक तृतीयांशच जुळतो, पण त्रिमितीय घडी जवळपास तीच. २०११ मध्ये दाखवलं गेलं की डीडीटी हाही सायटोकाइन (पेशींमधला निरोप्या प्रोटीन) आहे: तो सीडी७४ या रिसेप्टरला चिकटतो, पेशीत ईआरके हा संदेशवहनाचा मार्ग चालू करतो, आणि त्याला अँटिबॉडीने निष्प्रभ केलं तर उंदीर एन्डोटॉक्सिनच्या जीवघेण्या धक्क्यातून वाचतात. एमआयएफमध्ये केमोकाइन रिसेप्टर सीएक्ससीआर२ साठी लागणारा जो आकृतिबंध आहे, तो डीडीटीत नाही, त्यामुळे 'एमआयएफसारखंच' असं सरसकट धरू नये. इनहिबिटरही वेगळे. एमआयएफसाठी वापरला जाणारा आयएसओ-१ इथे कंट्रोल म्हणून उपयोगाचा नाही. डीडीटीकडे कल असलेला ४-सीपीपीसी पाहा.

पेशींवरच्या प्रयोगात या वायलचा सगळ्यात मोठा दोष समोर येतो. प्रोटीन ई. कोलायमधलं आहे, आणि निकेल कॉलम एन्डोटॉक्सिन काढत नाही. डेटाशीटवर फक्त जेलची शुद्धता लिहिली असेल, तर एन्डोटॉक्सिन तपासलेलं नाही असंच समजावं. हिशोब करून बघा. चांगल्या दर्जाची म्हणून विकली जाणारी प्रोटीनं मायक्रोग्रॅममागे १ एककाच्या आत असतात. तुम्ही मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम प्रोटीन घातलं, तर कमाल ०.१ एकक, म्हणजे साधारण १० पिकोग्रॅम एलपीएस (एन्डोटॉक्सिनचंच रासायनिक नाव). मोनोसाइट याला जेमतेम दाद देतील. पण तपासणीच न झालेल्या लॉटमध्ये हे प्रमाण शंभरपट असलं, तर १ नॅनोग्रॅम एलपीएस जातं, आणि तेवढ्यावर टीएनएफ (दाह पेटवणारा सायटोकाइन) धो धो वाहतो. ज्या प्रोटीनचं नातंच एन्डोटॉक्सिनच्या आजाराशी आहे, त्याच्या प्रयोगात एलपीएस मिसळलं तर निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही.

इथेही उकळलेला कंट्रोल कामाला येतो. ९५ अंशांना अर्धा तास ठेवलं की प्रोटीन मरतं, एलपीएस बऱ्याच अंशी टिकतं. उकळूनही टीएनएफ तेवढाच आला तर उत्तर मिळालं. पॉलिमिक्सिन बी सोबत लावा, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. ते सगळं एलपीएस बांधत नाही. आणि डीटीटीसह वायल थेट पेशींवर ओतू नका, नुसत्या बफरचा कंट्रोल ठेवा. एन-टोकाच्या टॅगमुळे सीडी७४ शी होणारा बंध कितपत बदलतो हे प्रत्येक रचनेगणिक तपासावं लागतं. एमआयएफमध्ये याच प्रोलीनभोवतीच्या खिशात बसणारे छोटे रेणू रिसेप्टरशी बंध कमी करतात, तेव्हा इथे वीस अमिनो आम्लांचं शेपूट निरुपद्रवी मानणं धाडसाचं.

प्रमाण मोजताना हमखास होणारी एक गडबड: या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन एकच आहे आणि टायरोसीन एकही नाही. टॅगमध्येही नाही. २८० नॅनोमीटरला मोलर गुणांक सुमारे ५५००, म्हणजे टॅगसकट १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं शोषण जेमतेम ०.३७. नॅनोड्रॉपवर 'एक शोषण म्हणजे एक मिलिग्रॅम' ही सेटिंग ठेवली की वायलमध्ये सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच प्रोटीन दिसतं. कंपनीने फसवलं असं वाटतं, पण तसं नसतं. उलट बाजूने, जुन्या वायलमधलं ऑक्सिडाइज झालेलं डीटीटी २८० ला शोषतं आणि आकडा फुगवतं. रंगावरून प्रोटीन मोजणारी ब्रॅडफर्ड चाचणी करा, किंवा तशीच बीसीए करायची तर डीटीटी काढूनच.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. १० टक्के ग्लिसरॉल असलेलं द्रावण उणे २० ला गोठतं. ५० टक्के असतं तेव्हाच द्रव राहतं. म्हणजे दर वेळी वितळवणं आलं. आल्याबरोबर नळी फिरवून झाकणाचा थेंब खाली आणा, १० मायक्रोलिटरचे भाग पाडा, उणे ८० ला ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर नको, तो बर्फ काढायला मधेमधे गरम होतो. डेटाशीट ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घालायला सांगतं. एलायझासाठी ठीक, पण वस्तुमान मोजायचं किंवा प्रोटीन चिपवर बसवायचं असेल तर घालू नका. मे महिन्यात मुंबई-पुण्याला मागवत असाल तर पेटी उघडताना कोरडा बर्फ किती उरला आहे त्याचा फोटो काढून ठेवा; बदली मागताना तोच कामी येतो.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा. पहिली, एन-टोकाची पहिली दहा अमिनो आम्लं कोणती? 'प्रोलीन-फेनिलॲलनीन-ल्युसीन-ग्लुटामेट' अशी सुरुवात आली तर एन्झाइम जिवंत असण्याची आशा. दुसरी, या लॉटचं एन्डोटॉक्सिन किती, आणि कोणत्या पद्धतीने मोजलं? तिसरी, अखंड प्रोटीनचा मास स्पेक्ट्रम. टॅगविरहित प्रोटीनमध्ये मेथिओनिन गेलं असेल तर वस्तुमान हिशोबापेक्षा १३१ डाल्टनने कमी, म्हणजे सुमारे १२.६ किलोडाल्टन दिसतं. तसं न दिसता १२.७ वर शिखर आलं, तर मेथिओनिन अजून बसलेलं आहे आणि प्रोलीन झाकलेलंच आहे; जोरात अभिव्यक्ती केली की अमिनोपेप्टिडेज मागे पडतो आणि असं अर्धवट मिश्रण मिळतं. एन-टोकाच्या हिस-टॅग प्रोटीनमध्ये १७८ डाल्टनने वरचं जोडशिखर दिसलं तर घाबरू नका, ते ई. कोलायने टॅगवर चढवलेलं ग्लुकोनॉइल असतं. वेस्टर्नच्या कामाला त्याने फरक पडत नाही. फक्त ब्लॉट वाचताना पेशीतलं स्वतःचं डीडीटी १२.६ च्या आसपास आणि ही वायल १४.८ ला, म्हणजे थोडी वर, दिसणार हे धरून चाला.